वय दहावीचं, अडलंय अपूर्णांकात

पत्र:

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा तो चौथीतून पाचवीत जात होता. तालुक्याला सेमीच्या खाजगी शाळेत होता. शाळा उघडल्यावर गणितात मागे पडला तो पडलाच. आठवीत सर त्याला रोज फळ्याजवळ उभं करून वर्गासमोर बोलायचे. मग सकाळी पोटात दुखते म्हणून तो घरीच राहू लागला. आठवीची परीक्षा झाली नि आम्ही दाखला काढून घेतला. तेव्हापासून घरीच शिकतो. मी बी.ए. आहे, बाकीचे विषय मी घेते आणि ते बरे चालले आहेत. गणितात मात्र रोजची रडारड.

त्याच्या बाबांचं म्हणणं, वय दहावीचं आहे तर दहावीचंच पुस्तक घे, सतरा नंबर फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसायचा) भर आणि मार्चमध्ये बसव. अमरावतीचा माझा भाऊ सीबीएसईचं दहावीचं पुस्तक देऊन गेला. तो म्हणतो, यातलं बेसिक गणित करव, सोपं असते. मला वाटते सहावीपासून काढावं. पण माझी लहान मुलगी झेडपीच्या शाळेत सातवीत आहे. तिच्याहून खालचं पुस्तक समोर ठेवलं की हा वही फेकतो.

वावरात मात्र हुशार आहे. ठिबक, मोटर, स्टार्टर सगळं खोलतो आणि बसवतो. परवा कापूस वेचाईचे साडेअडतीस किलो, बारा रुपयांनी, चारशे बासष्ट रुपये त्याने उभ्या उभ्या सांगितले. माझ्या सासऱ्यांना पावकी-निमकीचे (पाव-अर्ध्याचे) पाढे अजून पाठ आहेत, त्यांच्यावर गेला असेल. त्याला आयटीआय करायचा आहे. सोबत त्याच्या वहीची चार पानं पाठवते. मी कोणत्या इयत्तेचं गणित घेऊ? मलाच दहावीला गणितात चाळीस होते, म्हणून भीती वाटते.

– एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

ताई,

आधी थेट उत्तर देतो. दहावीचं पुस्तक आत्ता बाजूला ठेवा. सहावीचं पुस्तकही पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत करवून घ्यायची गरज नाही. अपूर्णांक पाचवीच्या पुस्तकातून सुरू करा. दशांश आणि ऋण संख्या सहावीतून घ्या, समीकरणं सहावी-सातवीतून. आणि या सगळ्याच्या जोडीला पहिल्या आठवड्यापासून नववीतले संच आणि त्रिकोण रचना चालू ठेवा. म्हणजे तो एकाच वेळी पाचवीतही असेल आणि नववीतही. ऐकायला विचित्र वाटेल, पण तुम्ही पाठवलेल्या पानांवर तो आजच असा आहे.

ती पानं मी पुन्हा पुन्हा पाहिली. पहिल्या पानावर ४०२ − १७८ = २२४ आहे. मध्ये शून्य असल्यामुळे उसना घेताना भलीभली मुलं इथे घसरतात. हा घसरला नाही. त्याखाली ९३६ ÷ ४ = २३४, नीट मांडून. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांची २०२३ साली 'असर' ही शैक्षणिक पाहणी झाली, त्यात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं गणित ४३.३ टक्के मुलांनाच बरोबर सोडवता आलं होतं. तुमच्या मुलाने ते चुटकीसरशी केलं आहे. ही गोष्ट त्याला आणि त्याच्या बाबांना, दोघांनाही सांगा. 'त्याला काहीच येत नाही' हे तुमच्या घरातलं वाक्य खोटं आहे आणि ते आजपासून बंद व्हायला हवं.

दुसऱ्या पानावर चित्र बदलतं. १/२ + १/३ = २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. त्याखालचा १/२ × १/३ = १/६ हा गुणाकार बरोबर आहे, पण त्यावर जाऊ नका. वरचे वर, खालचे खाली, हा एकच नियम तो सगळीकडे लावतो आणि गुणाकारात तो नेमका चालतो. २/५ हे उत्तर अर्ध्यापेक्षा लहान आहे. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि अर्ध्याहून कमी आलं, हे त्याला खटकलं नाही. याचा अर्थ १/२ ही त्याच्यासाठी संख्या नाही, एकावर एक रचलेले दोन आकडे आहेत. तिसऱ्या पानावर तेच दुखणं दशांशाच्या रूपात आहे: ०.४५ हे ०.६ पेक्षा मोठं, कारण पंचेचाळीस सहापेक्षा मोठे, आणि ०.५ × ०.३ = १.५. शिवाय −७ + ३ = −१०.

चौथ्या पानाने मला खरी दिशा दाखवली. ३क्ष + ४ = १९ याचं उत्तर त्याने ५ लिहिलं आहे, पायऱ्या नाहीत, म्हणजे मनात आकडे घालून काढलं. पुढचं गणित २(क्ष − ३) = १०. कंस सोडवताना त्याने २क्ष − ३ = १० केलं, ही एक चूक झाली. तरी पुढे २क्ष = १३ पर्यंत तो बरोबर गेला. तिथे खोडरबर घासून कागद फाटला आहे. तेराला दोनाने भाग जात नाही, म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असं समजून त्याने सगळं पुसून टाकलं. वेचाईच्या हिशेबात साडेअडतीसला बाराने गुणणारा हा पोरगा, तेराचे अर्धे साडेसहा हे त्याला माहीत नाही असं कोण म्हणेल? त्याला साडेसहा येतं. १३/२ येत नाही. तोंडी हिशेबातला 'साडे' आणि कागदावरचा अपूर्णांक एकच आहेत, हे त्याला कोणी जोडून दाखवलेलं नाही.

आणि ते का राहिलं हेही तुमच्याच पत्रात आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज पाचवीत येते. अपूर्णांकांवरच्या चारही क्रिया, दशांशांचा गुणाकार-भागाकार आणि ऋण संख्या सहावीत येतात. नेमक्या त्याच दोन वर्षांत आधी शाळा बंद होत्या आणि नंतर अर्धवट चालल्या. शाळा सुरळीत झाली तेव्हा वर्ग सातवीच्या परिमेय संख्यांवर होता. बुद्धीचा यात काही दोष नाही, त्याला ते कधी शिकवलंच गेलं नाही. त्याला हे याच शब्दांत सांगा. पंधरा वर्षांच्या मुलाला कारण कळलं की त्याची अर्धी चीड उतरते.

आता त्याच्या बाबांसाठी. भाऊ, वर्ष वाया जाईल ही तुमची काळजी मला समजते. पण पहिली सर पडली म्हणून तुम्ही कपाशी टोबत नाही, जमिनीत पुरेशी ओल उतरेपर्यंत थांबता, कारण दुबार पेरणीत बियाणंही जातं आणि हंगामही. दहावीच्या पुस्तकात काय आहे ते उघडून बघा. पहिल्या भागात दोन चलांतली समीकरणं आणि वर्गसमीकरणं, तिथे पानोपानी अपूर्णांक आहेत. संभाव्यता तर अपूर्णांकातच लिहायची असते. अर्थनियोजनात जीएसटी आणि टक्के. दुसऱ्या भागात समरूपता आणि त्रिकोणमिती, म्हणजे सगळी गुणोत्तरंच. ज्याला १/२ आणि १/३ मिळवता येत नाही, त्याला या मार्चमध्ये बसवलं तर तो उदाहरणं पाठ करून जाईल, पेपरमध्ये आकडे बदललेले दिसतील आणि आठवीत फळ्याजवळ उभं राहून जे झालं तेच परीक्षेच्या खोलीत होईल. त्यानंतर तो गणिताला हात लावणार नाही, आणि आयटीआयची गोष्टही सोडून देईल. या मार्चमध्ये फॉर्म भरू नका, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

मामांनी प्रेमाने पुस्तक दिलं आहे, ते राहू द्या. पण सीबीएसईचं बेसिक आणि स्टँडर्ड याबद्दल त्यांचा थोडा गैरसमज झाला आहे. २०१९-२० या वर्षापासून सीबीएसईने दहावीच्या गणिताला हे दोन पर्याय दिले. दोन्हींचं पुस्तक एकच, अभ्यासक्रमही एकच, फक्त प्रश्नपत्रिका एक सोपी आणि एक जरा कठीण. बेसिक म्हणजे कमी धडे नव्हेत. आणि दुसरं म्हणजे, सीबीएसईची दहावी त्यांच्या संलग्न शाळेत नाव असलेल्या मुलांसाठी असते. घरी शिकणाऱ्या मुलाला बाहेरून थेट बसायला तिथे वाट नाही. त्यामुळे हा पर्याय तुमच्यासाठी मुळात नाहीच.

तुमच्यापुढे मुख्य दोन वाटा आहेत. एक, राज्य मंडळाचा सतरा नंबर फॉर्म. त्यात सगळे विषय एका परीक्षेला एकत्र येतात. गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे ४०-४० गुणांचे दोन पेपर, आणि उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. तिथे चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला माध्यमिक परीक्षेसाठी नाव नोंदवता येतं, मराठी माध्यम मिळतं, पाच विषय घ्यावे लागतात आणि त्यात किमान एक भाषा असावी लागते. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते, त्या काळात नऊ संधी मिळतात, आणि एकेक विषय सोडवत गेलं तरी पास झालेले विषय जमा राहतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तुमच्या मुलासाठी मी बिनदिक्कत ही दुसरी वाट निवडीन. बाकीचे विषय तुम्ही म्हणता तसे बरे चालले असतील, तर मराठी आणि सामाजिक विज्ञान आधी सोडवू द्या. हातात एक-दोन पास झालेले विषय आले की घरातला ताणही कमी होईल. गणित सगळ्यात शेवटी.

तुम्हाला कोणीतरी सांगेल की एनआयओएसला गणित सक्तीचं नाही, सोडून द्या, दुसरा विषय घ्या. ज्या मुलाला चित्रकला किंवा भाषा यांत पुढे जायचं आहे त्याच्यासाठी हा सल्ला चांगला असू शकतो. तुमच्या मुलासाठी तो घातक आहे. आयटीआयच्या काही ट्रेडना आठवी पास चालतं हे खरं, पण फिटर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या ट्रेडना दहावीला गणित आणि विज्ञान असावं लागतं. स्टार्टर खोलून बसवणाऱ्या मुलाचं मन तिथेच जाणार. आणि आयटीआयमध्ये गेल्यावरही वर्कशॉप कॅल्क्युलेशन नावाचा विषय पुढे येतोच. त्यात काय असतं? अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, टक्केवारी, क्षेत्रफळ. म्हणून एनआयओएसचा फॉर्म भरताना गणित आणि विज्ञान व तंत्रज्ञान हे दोन्ही विषय यादीत ठेवा. आठवीचा मूळ दाखला मात्र जपून ठेवा. पुढे कधी सतरा नंबरचा विचार बदलला तर तो लागेल.

आता घरातला खरा पेच. त्याच्यासमोर धाकट्या बहिणीपेक्षा खालचं पुस्तक ठेवायचं कसं? पुस्तक ठेवूच नका. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. त्यातले फक्त लागणारे धडे तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणा आणि एका फाइलला लावा. तो सेमीचा आहे, म्हणून गणिताची सेमीची आवृत्तीही उघडा आणि पहिल्या पानावर दोन्हीकडचे शब्द समोरासमोर लिहून ठेवा: छेद – डिनॉमिनेटर, लसावि – एलसीएम. नाहीतर तुम्ही छेद म्हणाल, तो भलतंच समजेल आणि दोघंही चिडाल. फाइलवर इयत्ता लिहू नका, पण ती त्याच्यापासून लपवूही नका. विचारलं तर सरळ सांगा की हे पाचवीचं आहे, तुझं राहून गेलेलं, आणि पाचवीतल्या पोराला जे वर्षभर पुरतं ते तुला काही आठवड्यांत होईल. हे खोटं आश्वासन नाही. भागाकार पक्का असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला, रोज पाऊण तास बसला तर, पाचवी-सहावीचे अपूर्णांक दोन महिन्यांत होतात. मी अशी मुलं पाहिली आहेत. बहीण आसपास असताना ती फाइल उघडू नका, आणि तिला त्याच्या चुका तपासायला तर कधीच बसवू नका.

नववीचे संच आणि त्रिकोण रचना मी मुद्दाम सांगितल्या. त्यांना अपूर्णांक जवळजवळ लागतच नाहीत. कंपास, पट्टी, नीट हात, नीट विचार, बस. हाताने कामं करणारी मुलं रचनेत फार लवकर रमतात. पाऊण तासातली पंधरा मिनिटं रोज याला द्या, म्हणजे आपण आपल्या वयाचं गणितही करतो आहोत हे त्याला दिसत राहील.

अपूर्णांकांची सुरुवात नियमाने करू नका. चौकटीच्या वहीतून बारा घरांची एक पट्टी कापा. अर्धी घडी घातली की सहा घरं. तिसरा हिस्सा केला की चार घरं. मिळून दहा, बारापैकी. म्हणजे १०/१२, दोन-दोन घरांचा एक गट केला की ५/६. आता त्याचं जुनं उत्तर समोर ठेवा आणि विचारा, २/५ खरं असतं तर या पट्टीवर किती घरं आली असती? पाचसुद्धा भरत नाहीत, अर्ध्या पट्टीपेक्षा कमी. हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या, तुम्ही बोलू नका. मग पंधरा घरांची पट्टी, मग वीसची. १/३ आणि १/५ साठी कोणती पट्टी कापावी लागेल हे तो न विचारता सांगू लागला की लसावि त्याला समजला. नियम त्यानंतर लिहायचा, आणि शक्यतो त्यानेच. अपूर्णांकाचं गणित सोडवण्याआधी एक अंदाज लिहायला लावा: उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं येईल की लहान? एकापेक्षा मोठं की लहान? एवढी एक सवय लागली तरी पानभर चुका आपोआप कमी होतात.

सासऱ्यांना या कामात घ्या. संध्याकाळी आजोबांनी विचारावं, सातची दिडकी किती? तो साडेदहा म्हणेल. मग कागदावर १०.५ लिहायचं, त्याच्या शेजारी २१/२. अकराची सवायकी, नऊची निमकी, पाचची अडीचकी, सगळं असंच तोंडी, दशांशात आणि अपूर्णांकात लिहायचं. तुमच्या घरात हा ठेवा आहे. शहरातल्या क्लासमध्ये पैसे मोजून तो मिळत नाही.

दशांशासाठी सातबारा काढा. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक एकर म्हणजे साधारण ०.४०५ हेक्टर. मग सातबाऱ्यावर १.६२ लिहिलेलं वावर चार एकर कसं, आणि ०.८१ वालं किती, हे त्याने मांडून दाखवावं. ०.४५ आणि ०.६ मध्ये मोठं कोणतं हा प्रश्न जमिनीचा झाला की तो चुकणार नाही. शून्य पूर्णांक सहा हेक्टर सोडून शून्य पूर्णांक पंचेचाळीस कोण घेईल? ऋण संख्यांना मी फार वेळ देणार नाही. कृषी केंद्राची सात हजारांची उधारी, तीन हजार भरले, आता कुठे आहोत? चार हजार देणं, म्हणजे −४. असे हिशेब काही दिवस, मग संख्यारेषा. होऊन जाईल.

वर्ध्याला १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर नई तालीमचा, म्हणजे गांधीजींच्या कामातून शिक्षणाचा, जो अभ्यासक्रम तयार झाला, त्यात गणित हस्तोद्योगाला आणि शेतीला जोडलेलं होतं. तो विचार तुमच्या घरापासून फार लांब जन्मला नाही आणि तुमच्या मुलाला तो नेमका लागू पडतो. पण एक सावधगिरी बाळगा. वावरातला हिशेब तोंडीच राहिला तर तो पुढे जात नाही. आज त्याचं तेच झालं आहे. कामातलं प्रत्येक गणित कागदावर उतरलं पाहिजे. त्याच्यासाठी कपाशीचं एक गणित देतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी केल्यावर १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि रुईची एक गाठ १७० किलोची असते. तर एका गाठीला किती कापूस लागेल? तोंडी तो कदाचित पाच क्विंटल सांगेलही. त्याने (३४/१००) × क्ष = १७० असं मांडून, पायऱ्या लिहून ५०० वर यायचं आहे. हे ज्या दिवशी त्याला जमेल त्या दिवशी अपूर्णांक, टक्के आणि समीकरण तिन्ही जागेवर आले असं समजा आणि आठवीचं बीजगणित उघडा.

गुणोत्तरासाठी फवारणीचं प्रमाणही उत्तम आहे: दहा लिटर पाण्याला ३ मिली, तर पंधरा लिटरच्या पंपाला किती? साडेचार. पण हे फक्त कागदावर. औषधाच्या बाटलीला आणि पंपाला त्याचा हात लागू देऊ नका. यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेत माणसं गमावली आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

क्लासबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरात विषय निघेलच. दहावीच्या क्लासमध्ये त्याला आत्ता घालू नका. तिथे दहावीचंच शिकवणार. मदत हवीच असेल तर गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या झेडपीच्या शाळेत पाचवी-सहावीला मनापासून गणित शिकवणारे गुरुजी किंवा बाई शोधा आणि आठवड्यातून एकदा तासभर मागून घ्या. त्याला कोणीही फळ्यापुढे उभं करणार नाही, एवढी एक अट आधी बोलून घ्या.

आणि तुमचे ते चाळीस गुण. ताई, अपूर्णांक शिकवायला तुम्हाला दहावीचं गणित लागत नाही. पट्टी तुम्हीही त्याच्यासोबत कापा, अंदाज तुम्हीही लिहा, तुमचा चुकला तर चुकू द्या. 'हे कसं काढलंस?' हा प्रश्न बरोबर आलेल्या उत्तरालाही विचारायचा, म्हणजे प्रश्न विचारला की आपलं चुकलंच असेल असं त्याला वाटणार नाही. रडारड सुरू झाली की वही मिटायची, ओरडायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याही आधीच्या सोप्या गणितापासून सुरू करायचं. वेचाईच्या दिवसांत सकाळ रिकामी मिळणार नाही, तेव्हा संध्याकाळचा पाऊण तास धरा आणि तो पाळा.

शिकण्यातली अक्षमता, डिस्कॅल्क्युलिया, ही शंका तुमच्या मनात असेल तर या चार पानांवरून मला तसं दिसत नाही. ज्याला तोंडी हिशेब येतो आणि उसना घेता येतो त्याची अडचण बहुधा न शिकवल्याची असते. तरीही दोन-तीन महिने नियमित काम करून कालचं आज पूर्ण पुसलं जात असेल, आकडे उलटे लिहिले जात असतील, घड्याळ वाचायला अडत असेल, तर जिल्हा रुग्णालयात जाऊन तपासणी कुठे होते ते विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशी अक्षमता धरलेली आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात.

पुढे कधी सरकायचं हे पुस्तक संपलं की नाही यावरून ठरवू नका. दर सहा आठवड्यांनी, झालेल्या प्रत्येक घटकाची सरावसंचातली दहा गणितं काढा, वेळ न लावता, जवळ न बसता सोडवू द्या. आठ किंवा त्याहून जास्त बरोबर आली तर तो घटक झाला. पाच ते सात आली तर अजून तिथेच थांबा. पाचपेक्षा कमी आली तर एक पायरी खाली जा. घटकानुसार एक तक्ता भिंतीवर लावायचा असेल तर लावा, पण त्यावर खूण त्यानेच करावी. अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या आणि साधी समीकरणं, या चारही ठिकाणी आठ आले की सातवी-आठवीतलं बीजगणित, टक्के आणि क्षेत्रफळ सलग घ्या. त्यानंतर थेट एनआयओएसचं गणिताचं पुस्तक. माझ्या अंदाजाने आजपासून दीड ते दोन वर्षांत तो गणिताच्या परीक्षेला बसू शकेल, आणि तोवर बाकीचे विषय सुटलेले असतील. तेव्हा त्याचं वय सतरा असेल. आयटीआयला जायला ते मुळीच उशिराचं नाही.

पहिली सहा आठवड्यांची चाचणी झाली की ती पानं मला पाठवा. चुकलेली खोडू नका आणि लाल पेनाने खुणाही करू नका, जशी आहेत तशीच पाठवा. त्याला म्हणावं, चौथ्या पानावरचं ते खोडलेलं गणित पुन्हा कर. कंसातल्या तीनलाही बाहेरच्या दोनने गुण आणि बघ, या वेळी उत्तर पूर्ण संख्येत येतं.